हरणी की भुरी

आमचे गुंडूतात्या सकाळी उठले की देवाच्या आधी वाऱ्याला भेटतात. ओट्यावर उभं राहून बोट ओलं करायचं, आभाळात धरायचं आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडायचं, "वारं मावळतीचं हाय!" मग चहा. एकदा त्यांच्या मंडळींनी, शेवंताकाकूंनी, वाऱ्याआधीच चहा दिला, तर तात्यांनी तो बशीत ओतला, बशीत कुठल्या अंगाला लाट जाते ते बघितलं, वारं जाहीर केलं आणि मगच प्याले.

ज्या तालुक्यात टँकर आला की वरात आल्यासारखी माणसं धावतात, तिथं हा माणूस दर्यावर्दी. पंधरा वर्षं नौदलात होते. कुठल्या तोफेवर म्हणून विचारू नका, भटारखान्यात होते. पण गाठी मारायला तिथंच शिकले. त्यांनी मारलेली गाठ दुसऱ्या माणसाला सुटत नाही. पुतणीच्या लग्नात नवरानवरीच्या उपरण्या-शालूची गाठ मारायचा मान कुणी तरी भोळेपणानं त्यांना दिला. ते जोडपं तीन दिवस बांधलेलंच हिंडलं, शेवटी कात्री लावावी लागली. खोटं वाटत असेल तर ती कात्री माझ्या घरी आहे, येऊन बघा.

भटारखान्याच्या गोल खिडकीतून तात्यांनी एकच गोष्ट डोळे भरून बघितली होती: साहेब लोकांच्या शिडाच्या होड्यांची शर्यत. "मास्तर, अशा एका अंगावर कलून जायच्या की सोललेला बटाटा हातात तसाच ऱ्हायाचा. आचाऱ्याला कोन बसू देतंय त्यात? पन मरायच्या आदी एकदा आपली होडी पळवनार म्या." हे मी इतक्यांदा ऐकलंय की हल्ली झोपेत मीच बटाटे सोलतो.

आणि गेल्या वर्षी होडी आली. एक नाही, दोन.

ढोकीचे भंगारवाले रशीदभाई कुठल्याशा बंद पडलेल्या बोट क्लबाचं सामान उचलायला गेले होते. त्यात दोन म्हाताऱ्या शिडाच्या होड्या निघाल्या. रशीदभाईंनी त्या उसाच्या ट्रॉलीत घालून थेट सोनारीच्या वाटेवरच्या आमच्या धरणावर आणल्या. "तात्या, आठ रोज ठेवा, दिलखुलास बघा, एक पसंत करा. नको असंल ती येडशीकडच्या धाब्याला देतो. त्येला दारात फुलं लावायला पायजे."

एक होडी लांब, निमुळती, विळ्याच्या पात्यासारखी. तात्यांनी तिचं नाव ठेवलं हरणी. दुसरी रुंद, पोट सुटलेली, मधोमध कोंबड्यांच्या खुराड्याएवढी खोली. ती भुरी.

आता तात्यांनी जन्मात पारख केली ती फक्त जनावरांची. त्यांनी दोघींच्या पुठ्ठ्यावर थापा मारल्या. पुढून जबडा बघितला. सुकाणू शेपटीसारखं उचलून खाली डोकावले. अंगावर कुठं वाईट भोवरा आहे का, म्हणून रंगाचे पोपडे हातानं चाचपले. रशीदभाई म्हणाले, "दात बी मोजा की!"

"जुंपल्याबिगर दावनीला बांधत न्हाय," तात्या म्हणाले आणि वजन म्हणून मला आत घेतलं. मी शंभर किलोचा आहे. धरणावर माझा तेवढाच उपयोग.

हरणी अशी सुटली म्हणता! आमच्या सावल्या मागं राहिल्या, त्या दहा मिनिटांनी धापा टाकत काठाला आल्या. तात्या सत्तरीचे, पण दोरी दातात धरून पोरासारखे किंचाळत होते. वळणावर मी पाण्यात पडलो, तेव्हा धरणाची पातळी हातभर वाढली.

मग भुरी. तिला शीड लावलं, तर एक पोहणारी म्हैस आम्हाला मागं टाकून गेली. जाताना तिनं वळून बघितलं.

सगळं गाव हरणीच्या बाजूनं. हॉटेलात चहा पिणारा प्रत्येक जण म्हणे, "तात्या, हरणीच!" तात्याही म्हणत, "हरणीच की!" फक्त काकूंनी काठावर बसून एक विचारलं होतं, "ह्यातली कंची एका जागी थांबती?" आम्ही सगळे हसलो. होडी काय थांबायला घेतात? रशीदभाई म्हणाले, "काकी, हरणीला बिरेकच न्हाय. भुरी थांबती, नांगर टाकला की जागची हलत न्हाय." एकटे तात्या तेवढे हसले नव्हते.

आठव्या दिवशी रशीदभाई ट्रॉली घेऊन आले. तात्यांनी बोट ओलं केलं, आभाळात धरलं, बराच वेळ धरलं. मग म्हणाले, "हरणी न्या."

"काय तात्या! येडे झाला काय?"

"गुडघं आखडत्यात आमचं," तात्या म्हणाले. आदल्याच दिवशी हेच गुडघे माकडासारखे हरणीवर नाचताना मी बघितले होते.

आता हरणी धाब्यापुढं उभी आहे, पोटात सदाफुली. येडशीला जाताना एसटीत तात्या त्या बाजूच्या खिडकीला बसत नाहीत.

गुढीपाडव्याला त्यांनी मला पुन्हा वजन म्हणून बोलावलं. भुरीत काकू आधीच बसलेल्या, नवं लुगडं नेसून. म्हशीला पुढं जाऊ देत देत आम्ही धरणाच्या मध्यावर पोचलो. तात्यांनी काठावरचा निंब बघितला, टेकडीवरचं देऊळ बघितलं, दोन्हींची बोटांनी रेघ जुळवली आणि नांगर सोडला. भुरी थांबली.

काकूंचं माहेर या पाण्याखाली आहे. पूर्वी उन्हाळ्यात पाणी हटलं की त्या जाऊन उंबरा बघून यायच्या. अलीकडं पाऊस बरा, धरण भरलेलं. तीन उन्हाळे पाणी हटलंच नव्हतं. साऱ्या तालुक्यानं त्याबद्दल पेढे वाटले होते.

"ह्ये बघ तुजं घर," तात्या म्हणाले.

काकूंनी वाकून हिरव्या पाण्यात बघितलं. मग निंबाकडं, देवळाकडं. "ह्ये कुटलं? ह्ये चुलत्याचं हाय. आमचं दोन घरं म्होरं."

पंधरा वर्षं नौदलात काढलेल्या माणसानं नांगर वर ओढला, दोन घरं पुढं वल्हवलं आणि पुन्हा सोडला.

"आता?"

काकूंनी पुन्हा निंबाकडं, देवळाकडं बघितलं. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.