सायमनकाकांचं निळं दार

सायमनकाका घरातल्या घरात दिशा सांगून बोलतात. "सुमन, पूर्वेला जा, खालचा डबा उघड, साखर घे." पहिल्या दिवशी मी पूर्व शोधायला गॅलरीत जाऊन सूर्य बघून आले होते. आता सात वर्षं त्यांच्याकडे पोळ्या करते, तर विचुंब्याला माझ्या घरीसुद्धा झाडू उत्तरेच्या कोपऱ्यात असतो.

हे सगळं त्यांच्या खेळामुळे. खेळ कॉम्प्युटरवरचा, पण त्यात चित्र नाही, आवाज नाही. काळ्या पडद्यावर नुसती मराठी अक्षरं. 'तू विहिरीजवळ उभा आहेस. पश्चिमेला चिंच आहे.' मग आपण 'पश्चिमेला जा' असं लिहायचं, की चिंचेखाली पोचलो. भलतंच लिहिलं तर खेळ म्हणतो, 'असं इथे करता येत नाही.' काकांच्या तोंडात हे वाक्य कायमचं बसलंय. रिक्षावाला नाही म्हणाला, भाजी खारट झाली, भांडी घासताना माझी नळाची धार मोठी झाली, की लगेच, "असं इथे करता येत नाही!"

खेळ त्यांच्या धाकट्या भावाने, डेव्हिडने बनवला. तो इस्राएलला राहायला गेला. पनवेलची आठवण आली की खेळात एक जागा वाढवायचा. सगळ्यात शेवटी त्याने एक निळं दार केलं. ते कसं उघडायचं असं काकांनी फोनवर विचारलं की हसायचा. "तुला येतं ते. आठव." काकांना आठवायच्या आधी डेव्हिडच गेला. आता विचारायला कोणी नाही आणि दार बंदच.

म्हणून काका दिसेल त्याला खेळायला बसवतात. "फक्त पाच मिनिटं! कुणाला तरी सुचेल." एकदा लिफ्टमध्ये कागद लावला, 'चित्रं नसलेला खेळ. चहा मिळेल.' तिघं आले, तिघंही चहाला. खालचे साठेकाका विहिरीजवळच झोपले. त्यांच्या नातीने विचारलं, "यात गाडी कुठेय?"

"गाडी तुझ्या डोक्यात असते, बाळा."

"माझ्या डोक्यात नाहीये. आजोबा, उठा, जाऊया."

त्या दिवशी काकांनी उरलेला चार कप चहा एकट्याने संपवला.

मग माझा नंबर लागला. मी म्हटलं, "काका, माजी चौथी झालेली. मला काय जमनार नाय."

"खेळातले शब्द चौथीतलेच आहेत. फक्त पाच मिनिटं."

कणकेचे हात पुसून बसले. मला भराभर वाचता येत नाही, एकेका अक्षरावर बोट ठेवावं लागतं. बाकीचे 'निळं दार बंद आहे' एवढं वाचून धक्के मारायला लागायचे. मी खालची ओळपण वाचली. 'उजव्या चौकटीवर बोटाएवढा उंचवटा आहे.'

"तो दाबला, फिरवला, ओढला," काका म्हणाले. "हातोडीसुद्धा मारली."

माझ्या डोळ्यांसमोर दुसराच उंचवटा होता. काकांच्या खऱ्या दाराला, उजव्या चौकटीवर, त्यांच्या देवाची अक्षरं ठेवलेली छोटी डबी तिरकी ठोकलेली आहे. मेझुझा म्हणतात. दर शुक्रवारी मीच पुसते.

"काका, तुमी बाहेर जाताना काय करता?"

"किल्ली घेतो."

"त्याच्या आधी?"

"गॅस बघतो. का गं?"

"तसं नाय. तुमी जा बघू बाहेर. खरोखर जा."

कुरकुरत चपला घालून निघाले. दारात नेहमीसारखा त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला, बोटं डबीला लागली आणि ओठांकडे यायला निघाली. मध्येच थांबली. काका आपल्या बोटांकडे असे बघायला लागले की जणू ती दुसऱ्याची आहेत.

"लिही," ते तिथूनच म्हणाले.

मी एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'उंचवट्याला बोटं लाव.' खेळ म्हणाला, 'लावली. मग?' मी लिहिलं, 'बोटं ओठांना लाव.'

पडद्यावर नवी अक्षरं आली. काका माझ्या मागे येऊन उभे राहिले, पण चष्मा काढून. "तूच वाच."

मी वाचलं. 'दार उघडलं. आत स्वयंपाकघर आहे. पाटावर मलिद्याचं ताट आहे, गोड पोहे, खोबरं, वर खजूर. डेव्हिड थांबला आहे. तो म्हणतो, सायमन, किती उशीर! आधी हात धू.'

काका मोरीकडे गेले आणि खरोखरच हात धुवायला लागले.

पडद्यावर रेघ लुकलुकत होती, मी पुढे काय लिहिते त्याची वाट बघत. 'मलिदा घे' मला लिहिता आलं असतं. मी लिहिलं नाही. उठून पोळ्या लाटायला घेतल्या.

नळ बराच वेळ चालू होता, चांगला मोठ्या धारेने. मी काही म्हटलं नाही.