गालावरचा हात

ईट गावचे गुंडाप्पा बोलायला लागले की डावा हात गालावर ठेवत, डोळे मिटत आणि वाक्याच्या मधोमध थांबत. "सोराज्य म्हंजे..." एवढं म्हणून ते जे थांबत, त्यात ऐकणाऱ्याची एक विडी ओढून होई. नवखा माणूस घाबरून पाणी आणायला उठायचा. आम्ही उठत नसू. ते दुखणं नव्हतं, राजकारण होतं.

निजामाच्या राज्यात सभेला परवानगी लागे आणि परवानगी मिळत नसे. म्हणून आमच्या पक्षाची शाखा दर शुक्रवारी गुंडाप्पांच्या, म्हणजे आमच्या अप्पांच्या, कापडदुकानात भजनाच्या नावाखाली भरे. रस्त्यानं पोलीस दिसला की टाळ वाजत. ठराव कमी आणि अभंग जास्त होत; त्यामुळं पक्षाची काही हानी झाली असं मला वाटत नाही. मी समोर राहणारा शाळामास्तर. शेजारधर्म म्हणून पेटी वाजवायचो.

पक्षाचा कार्यक्रम काय, हे शाखेत कोणालाच नीट सांगता येत नसे. पक्ष म्हणजे भाऊसाहेब. हद्दीपलीकडं, इंग्रजी मुलखात, त्यांची एक सभा झाली होती. त्या गावच्या बाजाराला कापड आणायला म्हणून गेलेले अप्पा कापड तिथंच विसरून आले आणि गालावर हात तेवढा घेऊन आले. भाऊसाहेब अख्खं भाषण तसेच, डोळे मिटून, थांबत थांबत बोलले होते म्हणे.

"मास्तर, एकेक शब्द आतनं उपसून काढत हुते. हिरीतनं पाणी काढावं तसं."

महिनाभरात सगळी शाखा गालाला हात लावून बोलू लागली. गावात तरुणांचा दुसरा पक्ष होता. त्यांचा पुढारी टेबलावर मूठ आपटून बोले. त्यांच्याकडं टेबल नव्हतं, म्हणून ते मांडीवर आपटत. माणसाचा पक्ष लांबूनच ओळखू येई.

"अप्पा, म्हैस आटलीय," शाखेतला रामा तेली मुद्दाम विचारायचा. "भाऊसाहेबांचं काय मत?"

अप्पा गंभीरपणे विचार करून म्हणायचे, "सरकी वाढवून बघ. त्येबी हेच म्हणले असते."

पुढं भाऊसाहेबांना अटक झाली. शाखेची छाती फुगली. मग बातमी आली की ते मुचलका लिहून देऊन, म्हणजे पुन्हा राजकारण करणार नाही अशी सही करून, सुटले. पक्षानं त्यांना काढून टाकलं. तोच रामा तेली दोन दिवस जेवला नाही.

आणि एका संध्याकाळी भाऊसाहेबच वाटेत मिळालेल्या एका बैलगाडीतून दुकानासमोर उतरले. हातात गाठोडं, चेहरा उतरलेला. वाटेतल्या गावांतली दारं त्यांना बंद झाली होती. नेमका शुक्रवार होता. शाखा भरलेली.

रामा त्यांच्यादेखतच बोलला. "अप्पा, मुचलका दिलेला मानूस ह्या ओट्यावर चढला, तर आमी पुन्यांदा चढनार न्हाय."

अप्पांना मूलबाळ नव्हतं. शुक्रवारी जमणारी ही दहा-बारा माणसं हेच त्यांचं गणगोत. त्यांनी एकदा सतरंजीवरच्या सगळ्यांकडं पाहिलं, मग खाली उतरून गाठोडं उचललं.

"चला भाऊसाहेब. पाय धुवा."

सगळे उठून गेले. मी राहिलो, कारण पेटी माझी होती.

जेवताना भाऊसाहेब भाकरी नुसतीच मोडत बसले. "दाढ आहे," ते ओशाळून म्हणाले. "कैक वर्षं छळतेय. तुम्ही आला होतात म्हणता, त्या बाजारच्या सभेत तर असा ठणका होता, कसंबसं भाषण उरकलं. तुरुंगात जबडा सुजला. डॉक्टर देईनात. सही केलीत तर सोडतो म्हणाले. दुसरं कारण नाही, अप्पा. दाढेपायी केली."

अप्पांचा हात तेव्हा गालावरच होता. तो हळूहळू खाली आला. मी ताटात बघत राहिलो.

अप्पा उठले. भाकरी ऊन दुधात कुस्करून त्यांनी वाटी पुढं ठेवली, वर एक लवंग. "लई ठणकतंय का अजून?" त्यांनी विचारलं. वाक्यात कुठंही थांबले नाहीत.

न्हाव्यानं दाढ काढली. सूज उतरेपर्यंत भाऊसाहेब तिथंच राहिले. पुढच्या शुक्रवारी अप्पांनी सवयीनं सतरंजी अंथरली, टाळ मांडले. कोणी आलं नाही. रामा तेली समोरून गेला, मान दुसरीकडं करून.

मी पेटी घेऊन गेलो, तेव्हा त्या एवढ्या मोठ्या सतरंजीवर दोघंच बसले होते. अप्पा बोलत होते. कापडाचं नवं ठाण आलं की ते आधी घरात न्यायचं, बायकोच्या खांद्यावर टाकून रंग बघायचा, मग दुकानात मांडायचं. ती गेली, तरी नवं ठाण ते आधी घरातच उलगडत. हजारांच्या सभा गाजवलेले भाऊसाहेब मान खाली घालून ऐकत होते.

"नाव काय होतं त्यांचं?" त्यांनी विचारलं.

आमच्याकडं बायकोचं नाव कोणी चारचौघांत घेत नाही. इतकी वर्षं समोर राहून मलाही ते ठाऊक नव्हतं. अप्पांनी दाराकडं पाहिलं. मी दिसलो, तरी थांबले नाहीत.

"गिरिजा," ते म्हणाले, आणि पुढचं सांगू लागले.

मी पेटी न उघडता बसून राहिलो.