चांगुणाआत्याचं हेलिकॉप्टर

चांगुणाआत्या आपली लुगडी हेलिकॉप्टरच्या पंख्यावर वाळत घालायची. वारा सुटला की पंखा कुरकुरत फिरायचा आणि हिरवं, जांभळं, लाल अशी लुगडी शहाडच्या आभाळात गोल गोल गरगरायची. नवखा माणूस जागीच थबकायचा. आत्या त्याला सांगायची, "घाबरू नको रं. पायलटबिगर उरत नाय ते." आत्याच्या आगरी बोलीत 'ड'चा 'र' व्हायचा आणि 'ळ'चा 'ल', तेवढं सांभाळून घ्या.

हेलिकॉप्टर प्लायवूडचं होतं. तेव्हा टीव्हीवर पोलिसांच्या हेलिकॉप्टर पथकाची एक मारधाडीची मालिका आलेली. तुम्हाला आठवणार नाही, कारण ती आली म्हणेपर्यंत गेलीसुद्धा. खरं हेलिकॉप्टर त्या लोकांना एकदाच मिळालं. बाकीची सगळी उड्डाणं आत्याच्या नदीकाठच्या शेतात झाली. चार माणसं खालून ते खोकं गदागदा हलवायची, एक भलामोठा पंखा वारा सोडायचा आणि ओला पेंढा पेटवला की ढग तयार.

मी आत्याच्या पडवीतल्या खोलीत भाड्याने राहायचो, त्यामुळे हा तमाशा मला फुकटात बघायला मिळाला.

पहिल्याच दिवशी पायलट झालेला नट बांधावर बसून पाव खाताना आत्याला दिसला. "पोलीस असून सुका पाव खातंय?" ती ओरडली. दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या युनिटला तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं आणि कोंबडीचा रस्सा सुरू. दिग्दर्शक "नको, नको" म्हणत दर वेळी ताट पुढे करायचा.

नटबिट ही भानगड आत्याला मान्य नव्हती. पोलीस म्हणजे पोलीस आणि चोर म्हणजे चोर. स्मगलरचं काम करणारा माणूस खरं तर गरीब गाय होता, पण त्याच्या ताटात नुसता भात आणि पाणचट आमटी. "तुना कोंबरी नाय. आधी चोऱ्या सोर."

"सोडल्या, आत्या," तो हात जोडून म्हणाला. आत्याने लगेच त्याला तंगडी वाढली.

दुपारी त्यानं कॅमेऱ्यासमोर पुन्हा पिस्तूल काढलं. आत्या थेट शॉटमध्ये घुसली. "आताच जेवलास ना रं माझ्या घरात? लाज नाय वाटत?" सगळं युनिट पोट धरून हसत बसलं. स्मगलर मात्र खरोखरच खजील झाला आणि संध्याकाळी स्वतःचं ताट स्वतः घासून गेला.

पायलटला त्या हलवाहलवीने गरगरायचं. खाली उतरला की बिचारा बांधावर ओकायचा. आत्या मीठमिरच्या घेऊन त्याची दृष्ट काढायची, आणि मग हेलिकॉप्टरचीही.

मालिका सुरू झाली तेव्हा सगळी आळी आत्याच्या ओटीवर टीव्हीपुढे जमली. पडद्यावर पथक काश्मीरवर घिरट्या घालत होतं. एवढ्यात ढग जरा विरळ झाला आणि त्यातून आत्याची म्हैस चालत गेली. काय टाळ्या पडल्या म्हणता! आत्या मात्र पायलटवर डोळे रोखून बसलेली. "पट्टा बांध रं! किती वेला सांगू?"

काही आठवडे असे गेले आणि एके दिवशी त्या वेळेला गालिचे धुण्याचा कार्यक्रम लागला.

"पोलीस कुठं गेलं?" आत्याने मला विचारलं.

"बंद झाली मालिका. लोकांना आवडली नाही म्हणे."

"मंग चोर कोन पकरनार?"

युनिट आलं नाही, हेलिकॉप्टर शेतातच राहिलं. आत्याचा पुतण्या म्हणाला, त्याचं खुराडं करू. आत्या त्याच्यावर अशी तुटून पडली की तो महिनाभर फिरकला नाही. "कुनाचं सामान हाय ते! इचारल्याबिगर मोरायचं?"

पुढे दोनेक वर्षांनी निरोप आला की कंपनीची माणसं रविवारी सामान न्यायला येणार. आत्या पहाटे उठली. दोन कोंबड्या, टोपभर भात, भाकऱ्यांची ही चळत. नवं लुगडं नेसून ती रस्त्याकडे बघत बसली.

टेम्पोतून दोघे अनोळखी हमाल उतरले. पायलट नाही, दिग्दर्शक नाही. ते हेलिकॉप्टर कुठल्याशा जत्रेवाल्याला विकलेलं.

"जेवून जा रं पोरांनो."

"टाइम नाय मावशी. अजून दोन फेऱ्या हायेत."

त्यांनी दोऱ्या आवळल्या आणि हेलिकॉप्टर पंखा हलवत मोहन्याच्या रस्त्याला लागलं.

आत्या बराच वेळ अंगणात उभी होती. काहीतरी बोलावं म्हणून मी जवळ गेलो, तर ती माझा हात धरून मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तिने एक लाकडी दांडा बाहेर काढला. पायलट दोन्ही हातांनी धरून ओढायचा, तो.

"काल कारून ठेवला," ती हळूच म्हणाली. "याच्याबिगर उरवतील कसं? यायलाच लागंल त्यांना. जेवल्याबिगर देनार नाय मी."

जत्रेवाला अर्ध्या तासात दुसरा दांडा ठोकून घेईल, हे मला कळत होतं. आत्याने दांडा पदराने पुसला, पुन्हा तांदळात खुपसला आणि माझ्याकडे पाहिलं.

"येतील ना रं?"

"येतील, आत्या."

मी पाट ओढला आणि जेवायला बसलो. तीन वेळा भात मागून घेतला.