ब्लाउज मिस्टर घालणार का?

विश्रांतवाडीत आमच्या इमारतीखाली दिलशादआपांचं शिवणाचं दुकान आहे. तिथे ब्लाउज तयार असला तरी हातात पडेलच असं नाही. त्यासाठी गिऱ्हाइकाने स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या हाताने आपांना व्हॉट्सॲप करावं लागतं. नवऱ्याने किंवा मुलाने केलेलं चालत नाही. आपांना ते कसं ओळखू येतं देव जाणे; पण "अहो, तुमच्या बाईसाहेब 'काइंडली' कधीपासून लिहायला लागल्या?" असं विचारून त्यांनी एका बँक मॅनेजरला दारातून परत पाठवलेलं मी पाहिलं आहे.

या नियमाला कारण घडलं. दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकूंच्या बाहीचा फोटो आपांनी "एवढी चालेल का?" म्हणून पाठवला. काकूंनी दिलेला नंबर अर्थातच काकांचा. काकांनी ऑफिसातून कळवलं, "चार इंच वाढवा." आपांनी वाढवली. भाचीच्या लग्नात, भर मे महिन्यात, काकू कोपराखाली उतरलेल्या बाह्या घालून घाम पुसत उभ्या होत्या. तेव्हापासून कुणी नंबर सांगायला लागलं की आपा हातातली टेप खाली ठेवतात. "कुणाचा? मिस्टरांचा? ब्लाउज मिस्टर घालणार का?"

गिऱ्हाइकं चिडतात, पण जात नाहीत. आपांच्या हातची बाही बसते तशी दुसरीकडे बसत नाही.

आमच्या आईने माझा नंबर दिला. नातीच्या साखरपुड्याचा ब्लाउज अडकला. "मला कशाला हवाय फोन? हा आहे की," आई म्हणाली. हा म्हणजे मी. त्यावर आपांनी, "हा ऑफिसात असतो, काकू. तुम्ही घरात असता," एवढंच सांगितलं आणि पुन्हा मशीन चालवायला घेतलं. साखरपुडा तोंडावर आला होता. माझा जुना फोन घेऊन आई दुपारी दुकानातल्या स्टुलावर बसायला लागली. तिने काढलेल्या पहिल्या फोटोत निम्मं बोटच आलं. आपा म्हणाल्या, "बोट छान आहे. बाही कुठंय?" शेवटी ब्लाउज मिळाला. आता मला रोज सकाळी ऑफिसात आईकडून व्हॉट्सॲपवर गुलाबाची फुलं येतात.

त्या दुपारींमध्ये आईच्या एक गोष्ट लक्षात आली. आपा रोज एक फोन लावायच्या, "आहे का?" विचारायच्या, मग "बरं, असू दे," म्हणून ठेवायच्या. त्यानंतर मशीन उगाचच जोरात चालायचं. आईने सरळ विचारलं. धाकटी बहीण, सोलापूरला दिलेली. घरात फोन दोन आणि दोन्ही पुरुषांच्या खिशात.

"भावजी म्हणतात, कामात आहे. खोटं नाही बोलत. ती कामातच असते," आपा म्हणाल्या. "ईदला बोलली, तेही स्पीकरवर, सगळ्यांसमोर. त्यात माणूस काय बोलणार?"

हे मला सांगताना आईने डोळे पुसले. मलाही वाईट वाटलं.

मग आपांनी बहिणीसाठी हिरवा ब्लाउज शिवला. उरलेल्या कापडाची फोनच्या मापाची पिशवी शिवली, तिच्यात सिमकार्ड घातलेला फोन ठेवला आणि स्वारगेटहून सोलापूरला निघालेल्या एका ओळखीच्या बाईंबरोबर सगळं पाठवून दिलं. फोन कुणाच्या हातात पडतो, एवढीच काळजी होती. काही दिवस काहीच आलं नाही. आपांचा स्वतःचा फोन मशीनवरून हलत नव्हता. त्या आठवड्यात दोन जणींच्या बाह्या उलट्या लागल्या आणि त्या दोघींनी शहाणपणा करून काहीही म्हटलं नाही.

परवा मी आईची साडी फॉल लावायला घेऊन खाली गेलो, तेवढ्यात आपांचा फोन वाजला. त्यांनी पाहिला आणि माझ्या हातात दिला. अनोळखी नंबरवरून फोटो आला होता. कोपऱ्यात हिरव्या बाहीचा जेमतेम काठ, बाकी सगळं अंधुक, तपकिरी.

"आपा, पुन्हा काढायला सांगा," मी म्हणालो. "नुसतं बोटच आलंय."

आपांनी फोन माझ्या हातून काढून घेतला आणि ओढणीने काच पुसली.

"नको," त्या म्हणाल्या. "तिचंच आहे."