बारकूभाऊंच्या डोक्यावरचा दादा

आमच्या शेजारचे बारकूभाऊ दर रविवारी दुपारी स्वतःच्याच घरी पाहुणे म्हणून येतात.

आधी मागच्या दाराने गुपचूप बाहेर पडायचं, बंगल्याला वळसा घालून पुढच्या फाटकाशी यायचं, फाटक दाणकन आपटायचं, खाकरायचं आणि जाड आवाजात विचारायचं, "आये, हाइस का घरात?" मग लगेच बारीक आवाजात, "या दादा, बसा. च्या टाकतो." पुन्हा जाड आवाज, "टाक. साखर कमी." पुन्हा बारीक, "व्हय दादा." दोन कप, दोन बशा आणि पिणारा एकच. पहिल्यांदा मी हे भिंतीपलीकडून ऐकलं तेव्हा म्हटलं, चला, कुठेतरी भावाभावांचं बरं चाललंय. दुसऱ्यांदा सहज भिंतीवरून डोकावले आणि हातातली धुण्याची बादली माझ्याच पायावर पडली.

मळवलीत आमचं घर आणि मुंबईच्या एका मालकाचा बंगला यांच्यामध्ये तेवढी एक भिंत आहे. बारकूभाऊ त्या बंगल्याची राखण करतात. पन्नाशी उलटली, लग्न झालं नाही, मागच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची आई. मूळचे वडिवळ्याचे. आजींचे डोळे गेले तेव्हा बारकूभाऊ त्यांना इकडे घेऊन आले.

थोरले मारुतीदादा सुरतेला कापडाच्या गिरणीत होते. ते तिकडेच गेले, झोपेत. बारकूभाऊ एकटे जाऊन अग्नी देऊन आले. आईला कसं सांगायचं याची वाक्यं गाडीभर जुळवत होते म्हणे. दारात पाय टाकला तर आजींनी आवाजाच्या दिशेने तोंड केलं आणि म्हणाल्या, "मारुती आला का रं?"

"व्हय," बारकूभाऊंच्या तोंडून निघून गेलं.

झालं! एकदा आलेला माणूस परत यायला नको का? मारुतीदादा यायला लागले. पण आजींची बोटं फार तिखट. थोरला आला की त्याचं डोकं पुढ्यात घेऊन तेल लावायचं, ही त्यांची जुनी खोड. मारुतीदादांचे केस दाट, कपाळावर डाव्या बाजूला भोवरा, हात बाईसारखे गुळगुळीत. आणि बारकूभाऊ? डोक्यावर चकचकीत टक्कल, हातांवर अस्वल! काही रविवार 'घाईत हाय आये'वर निभावले. मग बारकूभाऊ पुण्यात कुठेतरी जाऊन डोक्यावर केस लावून आले.

अहो, ते केस! भाताची लावणी करावी तशा ओळी. सरळ, अंतर राखून, ताठ. वारा सुटला तरी एक हलेल तर शपथ. आजींनी पहिल्यांदा हात फिरवला आणि म्हणाल्या, "मारुती, डोक्यात खराटा कुनी खोवला रं तुझ्या?"

"सुरतंचं पानी, आये."

त्यानंतर ते आमच्याकडे आले. मी लोणावळ्यात त्वचेच्या आणि केसांच्या दवाखान्यात लेझरचं मशीन चालवते. शेजारीण म्हणून मीच त्यांना डॉक्टर मॅडमपुढे नेऊन बसवलं. मॅडमनी भिंगातून डोकं तपासलं. म्हणाल्या, चुकीचे लावलेले केस काढू, तिरके करून पुन्हा लावू, पुढच्या कडेला बारीक केस घालू, वेळ लागेल. भाऊंनी खिशातून मारुतीदादांचा फोटो काढला आणि कपाळावर बोट ठेवलं. "हितं भवरा पायजे."

"अहो, भोवरा नको म्हणून लोक येतात माझ्याकडे."

"त्यांचं आसंल. दादाचं तसं नव्हतं."

हे 'दादाचं तसं नव्हतं' आम्ही मग महिनोन्महिने ऐकलं. हातांवरचे केस काढायला ते माझ्या खोलीत. दरवेळी खुर्चीत बसले की आधी सूचना: "ताई, इकडचं काढा, तिकडं लावा." मी दरवेळी सांगायची, भाऊ, लेझरने केस जळतो, उपटून दुसरीकडे लावता येत नाही. ते दरवेळी हळहळायचे. "येवढं पीक वाया!"

हसायला येत होतं, नाही असं नाही. पण एकदा काय झालं, बाहेर धुकं असं दाटलेलं की खिडकी असून नसल्यासारखी. खोलीत जळक्या केसांचा वास. भाऊंच्या डोळ्यांवर काळा चष्मा. मी मनगटावर मशीन टेकवलं आणि ते बारीक आवाजात कळवळले, "आई गं!" लगेच त्याच तोंडातून जाड आवाज आला, "गप रं बारक्या. सोस." मी मशीन बंद करून दार उघडून आले. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, पण दार उघडं असलेलं बरं.

डोकं सुधारत गेलं तसे बारकूभाऊ कमी होत गेले. मारुतीदादांना मी पूर्वी एकदोनदा पाहिलं होतं. एका संध्याकाळी स्टेशनवरून घरी येताना बघते तर फाटकाशी तेच उभे! तेच केस, तोच भोवरा. मी हाक मारली, "बारकूभाऊ!" वळेनात. पुन्हा मारली, तरी नाही. माझ्या जिभेला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, "मारुतीदादा!"

ते सावकाश वळले. "काय गं पोरी?" म्हणाले. बारकूभाऊंनी मला जन्मात कधी पोरी म्हटलेलं नाही. मी घरात जाऊन दोन्ही कड्या लावल्या.

आणि मग एका शनिवारी ते दवाखान्यात धापा टाकत आले. टोपी हातात, आवाज बारीक. मला उगीचच बरं वाटलं.

"ताई, सगळं काडून टाका. मशीन लावा डोक्याला."

"भाऊ, वेड लागलंय का? आत्ता कुठे छान आलेत!"

ते खुर्चीत बसले. बोलले ते माझ्याकडे न बघता. "खोटं कशाला बोलू? आदी आईसाटी करत हुतो. मंग माज्यासाटी करत ऱ्हायलो. माज्या डोक्याला तिनं कदी हात लावला न्हाई. थोरल्याला तेल, मला कामं. दादा झालो तवा कळलं, तिचा हात कसा लागतो." मग टोपी मांडीवर ठेवून म्हणाले, "गेल्या रविवारी तेल लावता लावता म्हनली, मारुती, बारक्या लय राबतो रं माज्यासाटी. त्याला बसव फुडच्या रविवारी हितं. टकलाला बी तेल लागतंच की."

मी स्टूल ओढून त्यांच्यापुढे बसले.

"सगळ्या जन्मात पयल्यांदा बारक्याला बोलावलंय तिनं," ते म्हणाले, "आन बारक्याचं डोकंच ऱ्हायलं न्हाई."

मी समजावून सांगितलं. मशीन काळाच केस ओळखतं, पांढऱ्याला त्याने काही होत नाही, आणि त्यांचं निम्मं डोकं पांढरं. शिवाय लेझरच्या आधी वस्तरा फिरवावाच लागतो.

ते ताडकन उठले. "डोक्याला वस्तरा? आई जिती हाय माजी!"

"मग टोपी घालून बसा."

"तेल काय टोपीला लावंल?"

"मग सांगा खरं. म्हणावं, केस लावून घेतलेत."

"सांगतो. मंग दादाचं डोकं कुनाचं?" त्यांनी दोन्ही हात केसांवर दाबून धरले. "डोकं येकच हाय, ताई. बारक्या बसला की दादा मरतो."

रविवारी फाटक आपटलं नाही. भाऊंनी भिंतीवरून मला हाक मारली, "ताई, जरा येता का? भ्या वाटतंय." मी गेले. आजी सतरंजीवर तेलाची वाटी घेऊन बसल्या होत्या. भाऊ त्यांच्यापुढे खाली बसले, टोपी काढली.

"आये, मी बारक्या."

आजींनी तेलात बोटं बुडवली आणि हात डोक्यावर ठेवला. हात मागून पुढे आला, कपाळाच्या डाव्या बाजूला आला आणि थांबला. बोट भोवऱ्यावरून एकदा फिरलं, पुन्हा उलटं फिरलं. मग त्यांनी भाऊंचं मनगट धरलं आणि कोपरापर्यंत चाचपलं. मी दाराशीच उभी.

"बारक्या," आजी म्हणाल्या, "मारुती कवा गेला रं?"

भाऊंनी तोंड उघडलं. जाडही नाही आणि बारीकही नाही, असा कुठलातरी तिसराच हुंदका बाहेर आला. एवढा मोठा माणूस आईच्या मांडीत डोकं खुपसून रडायला लागला. आजींच्या डोळ्यांतूनही पाणी येत होतं, पण हात डोक्यावरून निघाला नाही.

"आन येवढं दिस येकटाच घिऊन बसलास व्हय?" त्या म्हणाल्या. "जरा वर व्हय. तेल डोळ्यात जाईल."