तळपायांच्या मोहिमेची हकीकत

निद्रादेवीस स्मरोन, आणि मोबाईल पुरता चार्ज आहे ऐसी खातरजमा करोन, ही हकीकत लिहावयासी घेतली. 'पहुडा गाद्या' या दुकानाचे नाव मुलूखभर कैसे जाहले, हे सांगणारे बहुत, परंतु त्यांतील निम्मे ते समयी स्वतःच पेंगत होते. सबब खरे वर्तमान आम्ही लिहितो, वाचणारांनी जांभई आवरोन वाचावे.

दुकानाचे धनी, कापूसमहालाचे अधिपती, श्रीमंत गादीवाले काका, हे गाद्या भरण्यात मोठे वाकबगार, परंतु दुकानी माशीही फिरकेना. कारण रस्त्यापलीकडे त्यांचेच मेहुणे फोमबहाद्दर यांनी काचेचे दुकान थाटिले, आणि रोज मोबाईलवरोन "नमस्कार, झोपाळू मंडळी!" ऐसी ललकारी देऊन व्हिडिओ सोडिले, आणि तमाम रयत ते पाहोन तिकडेच धावू लागली. मग फोमबहाद्दरांनी बहिणीस निरोप धाडिला जे, दाजींनी महिनाअखेर शटर ओढावे, आणि आमचे दुकानी गणवेश घालोन गिऱ्हाइकांस दार उघडावे. हे ऐकोन काकांचे तोंडचे पाणी पळाले, आणि बाईसाहेबांचे पित्त खवळले, कारण नवऱ्यास नावे ठेवण्याचा हक्क त्यांनी आजवर कोणास, सख्ख्या भावासही, दिला नव्हता.

मग उभयतांची मसलत बैसली आणि ठरले जे, आपणही व्हायरल नामक अस्त्र सोडावे, लाइव्ह जावे, लोकांनी ते एकमेकांस धाडावे आणि दुकानाचे नाव घरोघर पोचावे. काकांनी जोरदार भाषण रचिले आणि ते पाठ करण्यापायी त्यांची झोप पार उडाली. नेमिल्या दिवशी बाईसाहेबांनी मोबाईल गादीच्या पायथ्याशी स्टुलावर उभा केला. लाइव्ह सुरू कैसे करावे हे त्यांस ठाऊक, बंद कैसे करावे हे ठाऊक नव्हते, परंतु मोहिमेच्या आरंभीच माघारीचा विचार शूरांस शोभत नाही.

आता या घराण्याची रीत ऐसी जे, नवी गादी भरली की धन्याने तीवर उताणे पडावे, डोळे मिटावे आणि कापसाची गाठ कोठे टोचते काय हे पाहावे, त्यावाचोन गादीविषयी चकार शब्द बोलो नये. तेव्हा काका भाषणाआधी रीतीप्रमाणे आडवे जाहले, आणि डोळे मिटिले, आणि गाठ कोठेच टोचेना, आणि मग ते घोरू लागले.

प्रथम पाहणारे चौघे, पैकी दोघी काकांच्या बहिणी. परंतु ते घोरणे सामान्य नव्हते. त्यात चढ होता, उतार होता, मध्येच शिट्टी होती. मग कचेरीत कारकुनांनी पाहिले, इस्पितळाच्या रांगेत रुग्णांनी पाहिले, आणि ज्याने त्याने पुढे धाडिले, आणि हां हां म्हणता लाखाची फौज त्या तळपायांपुढे जमा जाहली आणि पुसू लागली जे, हे पाय कोणाचे, आणि ही गादी कोठली. दुकानाची पाटी भिंतीवर होती, परंतु नेमकी तळपायांआड. कीर्ती जाहली खरी, ती पायांची, दुकानाची नव्हे. हे देखोन फोमबहाद्दरांनी डाव साधिला आणि खाली बेधडक लिहिले जे, गादी आमचे दुकानची, त्वरा करावी.

बाईसाहेब मोठ्या पेचात पडल्या. काकांस उठवावे तर फौज पांगते, न उठवावे तर भाऊ नाव लुटोन नेतो. मग त्यांनी कापडावर खुणा करण्याचा निळा खडू उपसिला, आणि खासा स्वारी रांगत पायथ्याशी पोचली, आणि उजव्या तळपायावर 'पहुडा' ऐसे लिहिले. काकांस गुदगुल्या भारी. अंगठा वळवळला, शिट्टी थांबली, लाखाच्या फौजेने श्वास रोखिला.

"अहो, उठू नका हं," बाईसाहेब पुटपुटल्या, "आयुष्यात एकदा तरी माझं ऐका."

आणि डाव्या तळपायावर 'गाद्या' लिहोन पुरते होते न होते तोच काकांनी ऐसी लाथ झाडिली की मोबाईल स्टुलावरोन उडाला आणि कापसाच्या ढिगात जाऊन रुतला, आणि काकांनी झोपेतच भाषणाचे अखेरचे वाक्य गर्जिले, "कापूस आमचा, झोप तुमची!" आणि कूस पालटिली.

पडदा काळा जाहला. बाईसाहेब समजल्या, लाइव्ह आटोपले. फोमबहाद्दरही तेच समजोन मागच्या दाराने दबकत आत आले. परंतु ढिगातला मोबाईल शाबूत होता, आणि फौज कान लावोन बैसली होती.

"ताई, हळू बोल, दाजी उठतील," फोमबहाद्दर म्हणाले. "मला एक गादी दे ना. फोमवर झोपून कमरेची पार वाट लागलीये गं. पण कोणाला सांगू नकोस."

"मी कशाला सांगू?" बाईसाहेब म्हणाल्या, आणि त्यांनी खरोखर कोणास सांगितले नाही.

तो आवाज कोणाचा, हे तमाम झोपाळू मंडळींनी तात्काळ ओळखिले. मागचे दार गादीस अरुंद पडले, सबब गनिमास ती डोईवर घेऊन पुढच्या दाराने, भर रस्त्यातोन, तळपायांवरचे नाव वाचोन दाराशी जमलेल्या गिऱ्हाइकांतोन न्यावी लागली, आणि त्यांनी अदबीने वाट दिली.

येणेप्रमाणे पहुडा गाद्यांची फत्ते जाहली, नाव मुलूखभर गेले, शटर उघडे राहिले आणि गणवेश खुंटीवरच राहिला, ही नोंद कायम केली असे. मोहिमेचे विजयी वीर दिवेलागणीस जागे जाहले, आणि घसा खाकरोन, सदरा नीट करोन बाईसाहेबांस म्हणाले, "हं, गाठ काही टोचत नाही. कर सुरू."