पाच मिलिलिटर, चौदा महिने

मागच्या वर्षीच्या श्रावणात माझे डोळे आले. वाशीमच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकचे थेंब लिहून दिले. दिवसातून चार वेळा, सात दिवस. बरं वाटलं तरी सात दिवस. उरलेलं फेकून द्यायचं. तिसऱ्या दिवशी डोळे पांढरेशुभ्र झाले. मी बी.एस्सी. असल्यामुळे उरलेलं औषध वाचवण्याचा निर्णय माझ्याच स्तरावर घेण्यात आला आणि बाटली फ्रिजच्या दारात, सॉसच्या पुड्यांशेजारी, स्थानापन्न झाली.

अनसिंगच्या आमच्या गल्लीत सगळी घरं भाजीपाल्याची. विरजण असो की फवारणीचा पंप, एका घरी आहे म्हणजे सगळ्यांकडे आहे, असं समजतात. चारच दिवसांत शेजारच्या रंगूबाई दारात उभ्या.

"सार्थक, तुह्याकडं डोयाचं औषध हाये म्हंतात?"

"कोणी सांगितलं?"

"सारी गल्ली सांगून राह्यली. नातवाचे डोये आले. दे लवकर, लेकरू रडून राह्यलं."

बाटली गेली आणि आठवड्याने परत आली, ती काठोकाठ भरून.

"काकू, हे काय?"

"गुलाबपाणी. कोनाचं भांडं रिकामं वापस केलं का आमी कधी?"

हे खरं होतं. आमच्या गल्लीत वाटी गेली की साखर घेऊन परत येते. टोपणाखालची नळी रंगूबाईंनी दातांनी उचकटली होती, पण भावना स्वच्छ होती. शिवाय माझा विषय वनस्पतीशास्त्र; गुलाब अभ्यासक्रमात होता. हरकत घ्यायला आधार सापडला नाही.

पुढे बाटली समोरच्या गजेंद्रकडे गेली. त्याने ती आपल्या उरलेल्या कानाच्या थेंबांनी भरून आणली.

"अरे, हे कानाचं आहे!"

"मंग? कान आन् डोया, चार बोटांचं तं अंतर. वाया काहून घालाचं?"

अंतर मी मोजलं. चारच बोटं भरलं.

एकदाच अडचण आली. गजेंद्रची बायको उज्ज्वला ही लेबल वाचणारी बाई आहे. ती म्हणाली, "भाऊजी, याच्यावर लिवलं हाये, उघडल्यावर एक महिना वापरा. याले तं वर्स होऊन राह्यलं." मी तिला नियमाचा योग्य अर्थ समजावून सांगितला. बाटली एका वेळी दहा सेकंद उघडी असते. बाकी वेळ टोपण लावलेलं, म्हणजे ती बंद. दिवसातून वीस वेळा उघडली तरी महिना भरायला अजून चौतीस वर्षं आहेत. गल्लीने या निर्णयाचं स्वागत केलं.

बाटलीचं टोक डोळ्याला लावू नये, अशीही एक सूचना लेबलवर होती. पण पापणीला टेकवल्याशिवाय थेंब नेमका पडत नाही, असा सर्वांचा अनुभव. दरम्यान गल्लीतले डोळे वारंवार येऊ लागले. त्यावरून बाटलीची किती गरज होती, हेच सिद्ध झालं.

असे चौदा महिने गेले, आणि कस्तुराबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.

कस्तुराबाई पलीकडच्या घरात एकट्या राहतात. एक डोळा लहानपणीच गेलेला. दुसऱ्यावर सारी भिस्त. मोतीबिंदू पिकेपर्यंत त्यांनी दोन वर्षं हाताच्या चाचपणीने सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधल्या. आता पट्टी निघाली होती. दवाखान्यातून नवी बाटली मिळाली होती आणि थेंब टाकायचं काम शिकलेला माणूस म्हणून माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मी त्यांचीच बाटली वापरली. दुसऱ्या दिवशी माझ्यातला प्रशासक जागा झाला. गल्लीत चालू बाटली असताना नवी कशाला संपवायची? नवी मी राखीव ठेवली.

"काकू, मान वर करा."

थेंब टोकाशी लोंबू लागला. पडणार, एवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांब. त्याच्यात काय पोहून राह्यलं?"

मी बाटली उजेडात धरली. मला काही दिसलं नाही. गजेंद्रला बोलावलं, त्यालाही नाही. रंगूबाईंनी दोन्ही डोळे बारीक करून पाहिलं आणि बाटली निर्दोष ठरवली. चौदा महिने तेच थेंब टाकल्यामुळे सगळ्या गल्लीला धूसर दिसत होतं.

"मले दिसून राह्यलं नं," कस्तुराबाई म्हणाल्या. "हिरवं हाये. शेवयांवानी."

"काकू, तुमचं आत्ताच ऑपरेशन झालंय. भास होत असतील."

"आसं? मंग आंधी तुह्या डोयात टाक."

गल्ली बघत होती. प्रश्न आता औषधाचा नव्हता, बी.एस्सी.चा होता. मी टाकला.

पुढची कार्यवाही विलक्षण जलद झाली. दुसऱ्या दिवशी मी डोळ्याच्या जागी वांगं घेऊन वाशीमच्या दवाखान्यात बसलो होतो. डॉक्टरांनी बाटली बराच वेळ उजेडात फिरवली.

"यात काय काय आहे?"

"मूळ औषध, गुलाबपाणी, कानाचे थेंब, उकळलेलं पाणी. कोपऱ्यावरच्या नानाजींनी काय भरलं, ते त्यांनी सांगितलं नाही."

"आणि हे तुम्ही त्या बाईंच्या डोळ्यात टाकणार होता?"

"हो."

"ऑपरेशनची जखम ओली आहे त्यांची. त्यांना तेवढा एकच डोळा आहे, हे माहीत होतं ना?"

"माहीत होतं," मी म्हणालो आणि त्यांच्या हातातून बाटली घेऊन खिशात ठेवली.

डॉक्टरांनी मला नवे थेंब लिहून दिले. चार वेळा, सात दिवस, बरं वाटलं तरी सात दिवस. ते टाकायचं काम कस्तुराबाईंनी स्वतःकडे घेतलं. साबणाने हात धुवायच्या, टोक कुठे टेकू द्यायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी माझा डोळा पांढराशुभ्र झाला.

"काकू, पुरे आता. गुण आला."

"सात," त्या म्हणाल्या आणि माझी मान मागे ढकलली.

आठव्या दिवशी त्यांनी दोन्ही बाटल्या, माझी आणि गल्लीची, ओट्यावर ठेवून दगडाने ठेचल्या. मग बसून, नीट बघून, शंभर जुड्या बांधल्या.

त्यामुळे गल्ली सध्या बाटलीविना आहे. रंगूबाईंच्या नातवाचे डोळे पुन्हा आले आहेत. वाशीम जवळच आहे, दवाखाना उघडा आहे. पण एवढ्याशासाठी जायचं म्हणजे फारच झालं, असं गल्लीचं एकमत आहे.

म्हणून ही विनंती तुम्हाला. तुमच्या फ्रिजच्या दारात, सॉसच्या पुड्यांशेजारी, एक बाटली उभी आहे. ती कोणाची, कधी उघडलेली, कोणत्या दुखण्याची, हे मी विचारत नाही. तुम्हालाही सांगता येणार नाही. अर्धी असली तरी चालेल. तेवढी पाठवून द्या.

आमच्याकडून रिकामी परत येणार नाही.